आमच्या द्राक्षांचा हिशोब मागणाऱ्या देशांकडे

निर्यातीच्या प्रत्येक द्राक्षबागेला एक नोंदणी क्रमांक असतो. मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रांचं काम बघते, त्यामुळे हंगामात हे क्रमांक झोपेतसुद्धा डोक्यात घोळत असतात. कोणत्या गटातला प्लॉट, छाटणी कधीची, कोणतं औषध कोणत्या तारखेला किती मारलं, काढणीच्या किती दिवस आधी थांबवलं, प्रयोगशाळेने सॅम्पल कधी नेलं, रिपोर्टात काय आलं, हे सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं असतं. ज्या औषधासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर गेला की माल तिथे चालत नाही. २०१० साली सीसीसी या वाढरोधकाच्या अंशामुळे भारतातली द्राक्षं युरोपात अडकली होती. तेव्हा मी नोकरीला नव्हते, पण सासरची बाग होती, आणि त्या वर्षाचा धसका आमच्या घरातून अजून गेलेला नाही.

याबद्दल माझी तक्रार नाही. खाणाऱ्याला स्वच्छ फळ मिळालंच पाहिजे, आणि या शिस्तीने आमच्या बागांचंही भलं झालं. माझं म्हणणं पुढचं आहे: ज्या देशांनी हवा बिघडवली त्यांनी तिचं नुकसान भरून द्यावं, आणि ते कर्ज म्हणून नव्हे. रॉटरडॅमला उतरलेल्या पाचशे ग्रॅमच्या डबीवरून निफाड तालुक्यातल्या नेमक्या गटापर्यंत माग काढता येतो. हवेत सोडलेल्या कार्बनचा मागही असाच काढता येतो. कोणत्या देशाने कोणत्या साली किती कोळसा आणि किती तेल जाळलं याच्या नोंदी आहेत. अठराव्या शतकापासून आजवर इंधन जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. युरोपीय संघ आणि ब्रिटन मिळून पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त. भारताचा वाटा तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात, तोही १४० कोटींहून अधिक माणसांचा मिळून. आणि हा कार्बन जुना झाला म्हणून संपत नाही, त्यातला बराचसा शेकडो वर्षं हवेत राहतो. म्हणजे पणजोबांच्या काळात मँचेस्टरमध्ये किंवा पिट्सबर्गमध्ये जळलेल्या कोळशाचा भाग आजही आमच्या डोक्यावर आहे.

आता आमच्या बागेकडे येते.

२६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार निफाड तालुक्यात कुणीही विसरलेलं नाही. कादवाकाठच्या आमच्या गावात त्या दिवशी गारा पडल्या. थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊंनी, बाग ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटली होती. मणी ज्वारीएवढे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर ओळींमध्ये पायाखाली पानांचा चिखल. घड तारेवर लटकत होते, पण वाऱ्याच्या बाजूचे मणी फुटलेले आणि आडोशाच्या बाजूचे तसेच हिरवेगार. भाऊ एकेक घड हातात घेऊन उलटा करून बघत होते आणि काही बोलत नव्हते. काड्यांवर गारांचे वळ उठले होते, साल निघून आतला पांढरा भाग दिसत होता. काडीला मार बसला की नुकसान त्या हंगामापुरतं थांबत नाही, पुढच्या छाटणीपर्यंत पोचतं. वाचलेल्या मण्यांवर डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून त्याच दुपारी औषध फवारणारा ब्लोअर सुरू झाला. पीक गेलं तरी औषधाचा खर्च थांबवता येत नाही, हे द्राक्षवाल्यालाच कळतं.

त्या एका गारपिटीवर कुणाचं नाव लिहिता येणार नाही, आणि मी लिहीतही नाही. सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, सांगतात की गारा त्यांच्या लहानपणीही पडायच्या. "पण कोणत्या महिन्यात काय होईल त्याचा अंदाज असायचा. आता बाराही महिने आभाळाकडं बघायचं." नानांचा अनुभव आणि शास्त्र इथे एकमेकांना धरून आहेत. तापमान एक अंशाने वाढलं की हवेत साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि तेच मग कमी वेळात कोसळतं. २०२४ हे औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त गरम असलेलं पहिलं पूर्ण वर्ष ठरलं, असं जागतिक हवामान संघटनेने जाहीर केलं.

आणि मग २०२५ चा मे आला.

द्राक्ष न पिकवणाऱ्यांसाठी थोडं सांगते. एप्रिल छाटणीनंतर जी नवी काडी वाढते, तिच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत कडक ऊन लागतं. ते मिळालं नाही तर घड जिरतो, त्याच्या जागी नुसती बाळी येते, म्हणजे वेलीचा दोरीसारखा तंतू. मे २०२५ मध्ये आमच्याकडे उन्हाच्या जागी पाऊस होता. चाळीत जायचा कांदा शेतातच सडला. मोसमी पाऊसही मे संपायच्या आत महाराष्ट्रात येऊन थडकला आणि पुढे ऑक्टोबर सरेपर्यंत पाऊस पडतच राहिला. ऑक्टोबर छाटणीनंतर भाऊंच्या एका प्लॉटमध्ये फुटवे निघाले, पानं निघाली, घड निघालेच नाहीत. अशी बाग रस्त्यावरून बघणाऱ्याला अगदी निरोगी वाटते. खर्च मात्र पूर्ण बागेचाच करावा लागतो, कारण पुढच्या वर्षासाठी काडी जपायची असते. आमच्या शिवारात त्यानंतर कितीतरी जणांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. पंधरा वर्षं पोरासारखी सांभाळलेली वेल दुपारभरात जेसीबीने उपटली जाते तेव्हा घरातल्या बायका तिकडे फिरकत नाहीत.

भाऊंनी बाग ठेवली आहे. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर नवं-जुनं केलं, ब्लोअरचे हप्ते चालू आहेत, आणि आता प्लास्टिकचं आच्छादन टाकायचा विचार चाललाय. पाऊस आणि गारा दोन्हींपासून बाग वाचते, पण एकरी खर्च लाखांत जातो. अनुदान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. बाकीच्यांना बँक.

या आच्छादनाच्या कर्जाबद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण जगाच्या वाटाघाटींमधला कळीचा मुद्दा त्यात आहे. विहीर खोदायला कर्ज काढलं तर नवं रान ओलिताखाली येतं, त्यातून हप्ता फिटतो. आच्छादनाने एक घडही जास्त येणार नाही. पूर्वी जेवढं पिकत होतं तेवढं टिकवायला हा खर्च आहे. नवं उत्पन्न नाही आणि हप्ता मात्र नवा. हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा जगभरातला बहुतेक खर्च याच जातीचा आहे. बांध उंच करा, नाले रुंद करा, चक्रीवादळासाठी निवारे बांधा, खारट झालेल्या विहिरीला पर्याय शोधा. यातलं काहीच नफा देत नाही. म्हणून यासाठी कर्ज देणं म्हणजे नुकसान झालेल्याच्याच नावावर नुकसान पुन्हा एकदा मांडणं आहे.

राज्याच्या पातळीवरही हेच चाललंय. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हवामान बदलाला तोंड देऊ शकेल अशी शेती उभी करायची म्हणून मराठवाडा, विदर्भ आणि जळगावातल्या पाच हजारांहून अधिक गावांत तो राबवला गेला. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत, त्यात आपलं नाशिकही आलं. शेततळी, ठिबक, शेडनेट, बांधबंदिस्ती, चांगली कामं झाली, मी स्वतः जालन्याकडच्या नातेवाइकांच्या शेतावर पाहिली आहेत. पण पहिल्या टप्प्याच्या खर्चातला सत्तर टक्के भाग, ४२ कोटी डॉलर, जागतिक बँकेचं कर्ज होतं. जालन्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हवा बिघडवली नाही. बिघडलेल्या हवेत तग धरायला जो पैसा लागला, तो मात्र त्याच्याच राज्याने उसना आणला आणि व्याजासकट तो परत करायचा आहे.

जगाचे आकडे बघितले तर चित्र तेच. श्रीमंत देशांनी २०२२ मध्ये विकसनशील देशांच्या हवामानकार्यासाठी ११५.९ अब्ज डॉलर दिले किंवा उभे केले, असा त्यांच्याच ओईसीडी या संघटनेचा हिशोब आहे. त्यातल्या सरकारी पैशात ६९ टक्के कर्ज होतं. आणि सगळ्या रकमेतून जुळवून घेण्याच्या कामांना गेले फक्त ३२.४ अब्ज. उरलेला मोठा भाग उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पांकडे वळला, कारण सौरऊर्जा प्रकल्पातून पैसे परत मिळतात, बांधातून मिळत नाहीत.

आमच्या भागात एक प्रकार नेहमी होतो. शेजारचा शेतकरी मक्यात किंवा गव्हात टू-फोर-डी मारतो, वारा आपल्या बागेकडे असतो, आणि दोन दिवसांत द्राक्षाची पानं पंख्यासारखी आखडतात. द्राक्षाला ते तणनाशक अजिबात सोसत नाही. मग चार शहाणी माणसं बांधावर बसतात. वारा कुणीकडून होता, पंप कुणाचा होता, किती ओळी गेल्या, सगळं बघतात आणि शेजाऱ्याने काय भरून द्यायचं ते ठरवतात. त्याने मुद्दाम केलं नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. तरी भरून द्यावं लागतं. "तुला दुरुस्तीसाठी व्याजाने पैसे देतो" असं तो म्हणाला तर गावात त्याला कुणी दारात उभं करणार नाही.

हवा बिघडवणाऱ्याने भरून द्यावं ही मागणी काही आजची नाही, आणि ती फक्त गरीब देशांच्या मनातली नाही. श्रीमंत देशांनी तिच्याखाली सह्या केल्या आहेत. १९९२ मध्ये रिओत झालेल्या हवामान करारात लिहिलंय की जबाबदारी सगळ्यांची आहे पण सारखी नाही, आणि विकसित देशांनी विकसनशील देशांना नवा आणि जादा पैसा पुरवायचा आहे. जादा म्हणजे आधीपासून चालू असलेल्या शाळा-दवाखान्यांच्या मदतीतून काढलेला नव्हे. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत आकडा ठरला, २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर. २०२० उजाडलं तेव्हा ८३.३ अब्जच जमले होते. आकडा गाठला तो २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा, आणि तोही वर सांगितल्याप्रमाणे कर्ज धरून. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेच्या हिशोबाने त्याच वर्षीची खरी मदत ३५ अब्जांच्या वर जात नाही.

पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. २००८ मध्ये बँका कोसळायला लागल्या तेव्हा अमेरिकेने त्या सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद काही आठवड्यांत मंजूर केली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत नवा आकडा ठरला. विकसनशील देशांची मागणी वर्षाला १३०० अब्ज डॉलरची होती. मिळालं काय, तर २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, आणि तेही सरकारी, खासगी, सगळ्या मार्गांनी मिळून. १३०० चा आकडा मजकुरात ठेवला, पण तो उभा करायचं बंधन कुणावर नाही. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलायच्या आधीच अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव संमत केला. नंतर त्या उठल्या आणि हा ठराव म्हणजे केवळ दृष्टिभ्रम आहे, असं त्यांनी भर सभेत ऐकवलं. तो व्हिडिओ मी आमच्या महिलांच्या ग्रुपवर पाठवला होता. आपल्या देशाची एक अधिकारी शेकडो लोकांसमोर शांतपणे, मुद्देसूद नाही म्हणते आहे, हे मुलींनी पाहावं असं मला वाटलं.

होऊन गेलेल्या नुकसानीसाठी वेगळा निधी असावा ही मागणी तर त्याहून जुनी. समुद्राची पातळी वाढून बुडणाऱ्यांसाठी विम्यासारखी सोय करा आणि तिचा पैसा औद्योगिक देशांनी भरावा, असं वानुआतू या चिमुकल्या बेटदेशाने लहान बेटांच्या वतीने १९९१ मध्येच सुचवलं होतं. निधी मान्य व्हायला २०२२ उजाडलं. २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला तेव्हा अमेरिकेने जाहीर केले १ कोटी ७५ लाख डॉलर, म्हणजे साधारण दीडशे कोटी रुपये. पुढे २०२५ मध्ये अमेरिका पॅरिस करारातून बाहेर पडायला निघाली आणि या निधीच्या मंडळावरूनही उठली. सगळ्या देशांनी मिळून आजवर कबूल केलेली रक्कम पाऊण अब्ज डॉलरच्या आसपास आहे. ही रक्कम किती छोटी ते आपल्याच राज्यावरून बघा. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. डॉलरमध्ये ते साडेतीन अब्ज होतं. एका राज्याच्या एका पावसाळ्याचं पॅकेज साऱ्या जगाच्या निधीच्या चौपटीहून मोठं. आणि तरी त्या पॅकेजमध्ये फळबागेला रब्बीची जादा मदत धरून हेक्टरी ३२,५०० रुपये बसतात, म्हणजे एकरी तेरा हजार. भाऊंच्या एकरभर बागेची महिन्याची औषधंही त्यात निघत नाहीत. सरकारने दिलं ते आपल्याच करातून दिलं, त्यातून शाळा आणि रस्ते मागे पडले असतील. ज्यांनी हवा बिघडवली त्यांच्याकडून त्यात एक पैसाही आला नाही.

उलट पैसा तिकडेच जायची सोय होते आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपने कार्बनचा सीमाकर लागू केलाय. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा माल बनवताना जेवढं उत्सर्जन झालं, त्यावर तिथल्या आयातदाराला पैसे मोजावे लागणार. नट-बोल्टसुद्धा त्यात येतात, त्यामुळे नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखानदारांच्या बोलण्यात हा विषय आता असतोच. ही वसुली गरीब देशांच्या हवामानकामाला जाणार असती तर मी काही बोलले नसते. तशी तरतूद नाही.

यावर घरातच वाद होतो. माझा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंग करतो. तो म्हणतो, "काकू, आज सगळ्यात जास्त धूर चीन काढतो, आणि वर्षाच्या हिशोबात आपला नंबर तिसरा आहे. मग आपण कोणत्या तोंडाने मागायचं?" प्रश्न रास्त आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुराडी नाशिकला येता-जाता दिसतात, आणि आमच्या पॅकहाऊसच्या शीतगृहातली वीजही बरीचशी कोळशाचीच. चीनने आणि तेलावर गब्बर झालेल्या आखाती देशांनी यापुढे या खात्यात पैसा भरायला हवा, असं माझंही मत आहे. आपल्या देशातल्या अतिश्रीमंतांनी आपल्या गरिबांसाठी भरायला हवा, हेही. पण माणशी हिशोब केला तर भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिकन चौदा टन. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या घरात एक दिवा आणि एक मोबाईल असतो. ती माणसं मोजूनच भारताचा तिसरा नंबर लागतो, आणि मागायची वेळ आली की त्यांच्याच नावाने आपल्याला गप्प बसवलं जातं. हे मला मान्य नाही.

पुतण्याचा दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो. पैसे आले तरी ते पोचणार कुणापर्यंत?

द्राक्षबागेतलं बरंचसं बारीक काम पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या डोंगरपट्ट्यातून आलेली आदिवासी माणसं करतात. छाटणी झाली की पेस्ट लावणं, मग फेलफुट काढणं, शेंडे मारणं, घड विरळणं, संजीवकाच्या पाण्यात घड बुडवणं. एकरी उक्तं ठरतं. भात निघालं की टोळ्या येतात, नवरा-बायको, पोरं, कोंबड्यासुद्धा घेऊन, आणि बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत चार महिने राहतात. येण्याआधी उचल घेतलेली असते. भाऊंच्या ज्या प्लॉटला घडच निघाले नाहीत, तिथे विरळणीही नाही आणि डिपिंगही नाही. टोळीचं काम संपलं, उचल डोक्यावर राहिली. त्या टोळीतली एक बाई मला म्हणाली, "मालकाची बाग गेली तर साहेब आला, फोटो काढून नेला. आमचा रोज गेला, त्याचा फोटो कसा काढणार ताई?"

पंचनामा सातबाऱ्यावर होतो. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिचं नुकसान कोणत्याच कागदावर उमटत नाही. गंमत नाही ही, यांच्या डोंगरांत पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हेच लोक पाण्यासाठी डोक्यावर हंडे घेऊन दऱ्या उतरतात. हवामान बदलाचा मार सगळ्यात आधी त्यांना बसतो आणि त्यांनी हवेत सोडलेला धूर चुलीएवढा. म्हणून श्रीमंत देशांकडे मागताना मी भाऊंसाठी मागते त्याच्या आधी या बाईसाठी मागते. आणि आपल्या सरकारकडेही मागते की बुडालेल्या मजुरीची नोंद पंचनाम्यात घ्या. ही नोंद नसेल तर उद्या निधीचं दार उघडलं तरी तिच्या नावाचा अर्ज भरताच येणार नाही.

अनुदानाने काम होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हवामान कराराखाली उभ्या केलेल्या हरित हवामान निधीने आंध्र, ओडिशा आणि आपला सिंधुदुर्ग मिळून किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर दिले, ते फेडायचे नाहीत. कांदळवन राखायचं, लावायचं आणि त्याच्या आधाराने खेकडापालनासारखे धंदे उभे करायचे. कांदळवन वादळाची लाट अडवतं, हे तिथल्या मच्छीमारांना कुणी शिकवावं लागत नाही. असे पैसे घाटावर का येऊ नयेत?

आणि संरक्षणावर खर्च केला की माणसं वाचतात, हे नेदरलँड्सपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार? १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र आत घुसला आणि तिथे १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी कित्येक दशकं खर्चून बांध आणि दरवाजे उभे केले. आज त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असूनही लोक निवांत झोपतात. ज्या रॉटरडॅम बंदरात आमची द्राक्षं उतरतात, तिथलं शहर याच बांधांच्या जिवावर उभं आहे. बांगलादेशच्या किनाऱ्यावरच्या माणसालाही तेवढीच झोप हवी आहे.

त्या बंदरापासून गाडीने अर्ध्या तासावर हेग आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते मोडून नुकसान केलं तर भरपाई द्यावी लागू शकते. हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्याची सुरुवात २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी केली होती. वानुआतूने तो उचलला आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो न्यायालयाकडे पाठवला. हे मत म्हणजे हुकूमनामा नव्हे, त्याची अंमलबजावणी करायला पोलीस येणार नाहीत. तरी यापुढे आपला प्रतिनिधी परिषदेत उठून बोलेल तेव्हा त्याच्या हातात हेगचा कागद असेल. माझी मुलगी यंदा बारावीला आहे, तिला कायद्याकडे जायचंय. तिने ते मत इंग्रजीतून वाचायला घेतलंय आणि अडलं की मला विचारते, मला तरी कुठे सगळं कळतं, दोघी मिळून वाचतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमच्या परिषदेत ठरलं की जुळवून घेण्याच्या कामांसाठीचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट व्हावा यासाठी प्रयत्न करायचे. २०३५. भाऊ उपटलेल्या बागांच्या शेजारी नवी लागवड करायची की मका पेरून मोकळं व्हायचं या विचारात आहेत. नवी बाग म्हणजे फेब्रुवारीत डॉगरिज या खुंटाची रोपं लावायची, पावसाळ्याच्या शेवटी कलम भरायचं आणि खर्च भरून निघेल असा माल यायला तीन वर्षं थांबायचं. यंदा लावलेली वेल २०३५ मध्ये उतरणीला लागलेली असेल. रोपवाटिकावाला आगाऊ रक्कम मागतोय, आच्छादनाचा दर वेगळा. नानांचं मत आहे की लावावी. भाऊंनी अजून रोपवाटिकावाल्याला फोन केलेला नाही.